माळ्यावरच्या रेकॉर्डी : धुवायच्या कशा, पारखायच्या कशा?

वडगावकर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं होताहेत आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली येताहेत. बऱ्याच ट्रंकांत रेकॉर्डी निघतात. मग फोन येतो, "या वाजतील का, की भंगारात देऊ?" एकेकाला फोनवर सांगून भागत नाही, म्हणून हा धागा.

भंगारात देऊ नका, एवढं आधी सांगतो. आपल्याकडच्या पेट्यांत जे एकत्र सापडतं ते पुण्या-मुंबईच्या पेटीत सापडत नाही. वर बालगंधर्वांची नाट्यपदं, त्याखाली अब्दुल करीम खाँसाहेब, मल्लिकार्जुन मन्सूर आणि तळाला कन्नड वचनं नि भावगीतं. गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी हुबळी' असं नाव छापलेलं असायचं. नाव ओळखीचं वाटलं नाही म्हणून अशी तबकडी कुणी टाकून दिली, तर काय गेलं ते त्याला कळणारही नाही. कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीत जन्मलेले, आणि त्यांच्या रेकॉर्डी लहानपणापासून निघत होत्या.

लोक दोन्हीकडून फसतात. मळकट, पांढरट पडलेली रेकॉर्ड बघून "गेली ही" म्हणतात, आणि चकाकणारी बघून पैसे मोजतात. मळ धुऊन निघतो. सुईनं झिजलेली खाच कशानंही परत येत नाही. त्यामुळे पारख करायची ती झिजेची, मळाची नव्हे.

कुठलीही रेकॉर्ड ओली करण्याआधी ती लाखेची आहे की व्हायनलची (म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची), ते बघा. दहा इंची, जाड, जड, ७८ च्या वेगाची आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजणारी तबकडी लाखेची. तिच्यात लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी असते. हातातून पडली की फुटते. बारा इंची ३३⅓ ची एलपी आणि सात इंची ४५ ची ईपी या व्हायनलच्या, त्या वाकतात. आपल्या देशात ७८ च्या रेकॉर्डी साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या, म्हणून गाणं कुठल्या सालचं यावरून अंदाज बांधू नका. लेबलवरचा वेग वाचा.

हे एवढ्यासाठी की लाखेला अल्कोहोल चालत नाही. सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट, कोलन वॉटर यांतलं काहीही नाही. फर्निचरला पॉलिश करणारे चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. तुमच्या तबकडीचंही तेच होईल. कोरोनानंतर घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या आहेत आणि पुसायला पहिला हात तिकडेच जातो. नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर तर व्हायनललाही लावू नका, तेही विरघळतं.

आता व्हायनल धुण्याची माझी पद्धत. पाणी नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको. बोअरच्या पाण्यातले क्षार खाचेत सुकून बसतात आणि धुतल्यावर रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त चरचरते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथेच ॲसिडचे कॅनही असतात, तेव्हा लेबल वाचून घ्या. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरे. आधी कोरड्या मऊ ब्रशनं वरची धूळ काढायची. ती तशीच ठेवून ओलं फडकं फिरवलं तर त्याच धुळीनं चरे पडतात. मग ओल्या मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल गोल जायचं, आडवं कधीच नाही. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा खळबळायची, म्हणजे साबण मागे राहत नाही. मायक्रोफायबरनं टिपून घ्यायची, रगडायची नाही, आणि सावलीत उभी करून वाळवायची.

लेबल कागदाचं असतं. त्यावर पाणी गेलं तर रंग उतरतो, कागद फुगतो. मी डब्याचं झाकण दाबून धरतो. याहून चांगला उपाय कुणाकडे असेल तर लिहा.

निपाणकर_आण्णा

बरं झालं लिहिलंत. चकाकीचं तुम्ही बोललात, त्यात थोडं जास्त सांगतो.

जुन्या बाजारात विकणारे रेकॉर्डीला खोबरेल लावत्यात. काही जण रॉकेलनं पुसत्यात. काळी कुळकुळीत दिसतेय, घेणारा खूष. खरं त्या तेलावर नंतर धूळ बसतेय आणि खाचेत चिकटून राहतेय. सुई चालली की ती धूळ अजून आत दाबली जातेय. म्हणून रेकॉर्ड हातात घेतली की पहिलं नाकाला लावायची. खोबरेलाचा खवट वास लपत नाही, रॉकेलचा तर नाहीच नाही. मग बोटाचं पेर कडेच्या कोऱ्या जागेवर फिरवायचं, गाण्याच्या जागी नाही. बुळबुळीत लागलं की समजायचं.

तेलकट रेकॉर्ड घ्यायची नाही असं मी म्हणत नाही. तेल निघतंय. साबणाच्या पाण्यानं दोनदा-तीनदा धुवावं लागतंय, आणि दर खेपेला पाणी नवं घ्यायचं. खरं तेलाखाली काय दडलंय ते विकत घेताना दिसत नाही, तेव्हा भाव त्या हिशेबानंच करायचा.

७८ च्या तबकडीला तडा आहे का, हे नजरेला नेहमी दिसत नाही. मधल्या भोकात बोट घालून तबकडी लोंबती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या गाठीनं कडेला हळू टिचकी मारायची. अखंड असली तर चिनीमातीच्या बशीसारखी वाजतेय. तडा असला तर बद्द आवाज, नाहीतर बारीक थरथर. खाली गादी नाहीतर पोतं अंथरून हे करायचं. आणि तबकड्या मोजताना एकीवर एक सरकवायच्या नाहीत, एकेक उचलायची.

मलप्रभाकाठी

दोघांचेही आभार. आमच्या खानापूरकडच्या घरातून आजोबांची पेटी आणली आहे. वर ७८ च्या आहेत, खाली एलपी. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल येते, त्यामुळे निम्म्याहून जास्त रेकॉर्डींवर पांढरे ठिपके आणि जाळीसारखं काहीतरी दिसतंय. काही ७८ पाकीट नसल्यानं 'तरुण भारत'च्या पानांत गुंडाळल्या होत्या. तो कागद दोन-तीन तबकड्यांना चिकटून बसलाय, अक्षरंसुद्धा उमटली आहेत. नखानं काढू का?

वडगावकर

ताई, नखानं नको. तो भाग तेवढा डिस्टिल्ड वॉटरनं ओला करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि कागद आपणहून सुटायला लागला की ओल्या कापसानं गोल दिशेत उचला. एका खेपेत सगळा निघाला नाही तर तबकडी वाळवून दुसऱ्या दिवशी परत. लाखेची तबकडी पाण्यात बुडवून ठेवायची नसते. तिच्यात भुकटी असल्यामुळे ती ओल धरते, आणि कडेला कपचा उडालेला असेल तर तिथून पाणी आत शिरतं. ओली करा, धुवा, लगेच टिपा.

पांढरं आहे ती बुरशी. पेटी घराबाहेर, मोकळ्या हवेत उघडा. नाकातोंडाला मास्क बांधा, घरात कुणाला दमा असेल तर त्यांना लांब ठेवा. आधी कोरड्या ब्रशनं झाडा आणि तो ब्रश पुन्हा चांगल्या रेकॉर्डींना लावू नका. आतली कागदी पाकिटं टाकून द्या, कितीही जुनी असली तरी. बुरशी कागदात राहते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच परत येते. बाहेरचं चित्राचं कव्हर मात्र टाकू नका. ब्रशनं झाडून सावलीत सुकवा आणि रेकॉर्डीपासून वेगळं ठेवा.

धुतल्यावर एलपी बऱ्याचदा पूर्ण साफ होते. लाखेवर मात्र बुरशीनं पृष्ठभागच खाल्लेला असू शकतो. तिथं मंद, खरबरीत डाग उरतो आणि वाजवताना खरखर येते. त्याला इलाज नाही. म्हणून काय, गाणं ऐकू येतंच की.

उद्यमबागवाला

लेबलसाठी झाकण दाबून धरणाऱ्यांकरता. मी लेथवर काम करतो. नायलॉनच्या दोन चकत्या काढल्या, व्यास १०५ मिमी, कारण एलपीचं लेबल साधारण १०० मिमी भरतं. आतल्या बाजूला कडेनं खोबण काढून ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसवली. मधून ६ मिमीचा बोल्ट आणि वर विंग नट. रेकॉर्डीचं भोक सव्वासात मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे बोल्ट सैल जातो, भोकाला घासत नाही. नट हातानंच आवळायचा, पाना लावायचा नाही. आता रेकॉर्ड सरळ पाण्याखाली धरली तरी लेबल कोरडं राहतं. ७८ चं लेबल लहान असतं, त्यासाठी वेगळी जोडी काढावी लागते. तिथे आवळताना जास्त जपायचं, लाख दाब सहन करत नाही.

ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी ओळखीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये तुकडा नेला तर काम होईल. आपल्या गावात त्याची काय कमतरता!

षड्ज_धारवाड

उत्तम धागा. पारखीबद्दल माझा अनुभव, कारण मी ऑनलाइनही घेतो आणि तिथे रेकॉर्ड हातात येण्याआधीच पैसे द्यावे लागतात.

जगभर अमेरिकन 'गोल्डमाइन'ची श्रेणी चालते : मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि शेवटी पूअर. व्हेरी गुडमध्येच मंद जागी चरचर ऐकू येते. त्याखालची गुड सलग वाजते, पण घासलेली, आवाज करणारी. तेव्हा विकणाऱ्यानं नुसतं 'गुड कंडिशन' लिहिलं असेल तर त्याला श्रेणी माहीत आहे का, हे आधी विचारा. रेकॉर्ड वाजवून बघितली की नुसती डोळ्यांनी पाहिली, हेही विचारा. कव्हरची श्रेणी वेगळी आणि रेकॉर्डीची वेगळी सांगायला हवी. फोटो एका बल्बखाली तिरका काढून मागवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात चरे बुडून जातात.

हातात असेल तर मी मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून रेकॉर्ड सावकाश फिरवतो. कोणत्याही कोनातून न हलणारी राखाडी झाक दिसली, विशेषतः तानांच्या आणि चढ्या आवाजाच्या पट्ट्यांत, तर ती झीज समजा. मळाची झाक धुतल्यावर जाते, झिजेची राहते. आतल्या बाजूची, म्हणजे लेबलजवळची शेवटची चीज नीट बघा. आत येईल तसा खाचेचा घेर लहान होतो आणि एका फेऱ्यात तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे बिघाड तिथे आधी ऐकू येतो. ख्यालाच्या एलपीत द्रुत नेमकी तिथेच येते! 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू आले की आधीच्या मालकाची सुई बोथट होती, हे ओळखावं.

चऱ्यावरून नख अलगद फिरवा. नख अडकलं नाही तर चरा वरवरचा, फार तर हलकी टकटक. अडकलं तर तो वाजणारच. खाचेला आडवा चरा दर फेऱ्याला एक टक देतो : ३३⅓ ला दर १.८ सेकंदांनी, ४५ ला साधारण १.३ सेकंदांनी. खाचेच्या दिशेनं जाणारा चरा जास्त वाईट, तो सुईला शेजारच्या खाचेत ढकलतो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते.

भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड खूपदा लावली गेली आहे. ते विकणाऱ्याला पुसता येत नाही, म्हणून मी आधी तेच बघतो.

धुण्याबाबत वडगावकरांशी थोडा मतभेद आहे. व्हायनलसाठी मी पाण्यात पाव हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतो. तेल आणि बोटांचे ठसे लवकर सुटतात, वाळतंही पटकन.

वडगावकर

षड्ज, तुमचं मिश्रण व्हायनलला बाधत नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांना खोटं पाडत नाही. तरी मी घरात ठेवत नाही, कारण मिश्र पेट्या. एकाच टेबलावर ७८ आणि एलपी धुतल्या जातात, बाटली एकच असते आणि मदतीला घरातलं कुणीतरी बसलेलं असतं. साबणाच्या पाण्यानं काम थोडं सावकाश होतं, पण चुकीच्या तबकडीवर पडलं तरी ती वाचते. तुमच्यासारख्या फक्त एलपी जमवणाऱ्यानं वापरलं तर माझा आक्षेप नाही.

झिजेचं निरीक्षण शंभर टक्के पटलं. त्यात एक भर. ७८ ची राखाडी झाक बघून लगेच घाबरू नका. चावीच्या ग्रामोफोनचा पिन धरणारा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचा आणि पोलादी पिन दर बाजूला बदलायची असायची. बरेच जण तीच पिन चालवत राहायचे. त्यामुळे जवळपास प्रत्येक जुनी ७८ थोडी राखाडी असतेच. खाचेतली जी जागा त्या पिनेनं घासली नाही, तिथे आजची योग्य मापाची सुई बसली तर तबकडी अपेक्षेपेक्षा पुष्कळ स्वच्छ वाजते.

आणि उलट बाजूनं, एलपी चावीच्या ग्रामोफोनवर कधीही लावू नका. एका फेरीत ती संपते.

चिकोडीची_लेक

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. फेव्हिकॉल ओतून, वाळवून, साल काढल्यासारखं सोलायचं असे व्हिडिओ बघितले. खरंच चालतं का? आणि माझी एक एलपी ताटलीसारखी वाकली आहे. उन्हात ठेवून सरळ होईल, असं शेजारचे काका म्हणाले.

निपाणकर_आण्णा

उन्हात नको गं बाई! व्हायनल साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतंय. बंद गाडीच्या काचेखाली, पत्र्यावर उन्हाळ्यात तेवढं सहज तापतंय. ताटली होती तिची लाट होऊन बसंल. दोन जाड काचांच्या मधे स्वच्छ धुतलेली रेकॉर्ड ठेव, वर सारखं वजन दे आणि विसरून जा काही आठवडे. थोडी वाकलेली सुधारतेय, फार वाकलेली नाही. आधी मधे धूळ नाही ना, हे बघून घे, नाहीतर तीच धूळ खाचेत छापली जाईल.

फेव्हिकॉल लाखेला तर हात लावू देऊ नको. सोलताना लाख उचकटून येतेय.

वडगावकर

व्हायनलवर फेव्हिकॉल चालतो, मी करून बघितलेला आहे. थर जाड आणि सलग हवा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाळायला हवा आणि कडेपासून एका तुकड्यात सुटायला हवा. पातळ थर तुटतो आणि खाचेत राहिलेला तुकडा काढणं मळ काढण्यापेक्षा अवघड. सोलल्यावर रेकॉर्डीत स्थिर वीज इतकी भरते की हवेतली धूळ ओढून घेते, म्हणून नंतर एकदा पाण्यानं धुवावंच लागतं. दोनदा धुऊनही न निघालेला मळ असेल आणि ती रेकॉर्ड दुसरीकडे मिळण्यासारखी असेल, तरच करा. गावातल्या कुठल्या गायकाची एकमेव प्रत असेल तर हा प्रयोग तिच्यावर नको.

साठवणीचंही इथेच सांगतो. रेकॉर्डी उभ्या, सरळ ठेवा, तिरक्या टेकवून नको. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, आपल्याकडे ओल तिथूनच येते. जाड, मऊ, वासाच्या पीव्हीसी पिशव्या टाळा, त्या कालांतरानं रेकॉर्डीवर धुरकट थर सोडतात. साध्या पॉलिथिनची पाकिटं बरी, पण तोंड बंद करू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला.

मलप्रभाकाठी

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. कागद दोन खेपांत निघाला, अक्षरांचा पुसट ठसा राहिलाय. एलपी चांगल्या वाजतात. एका ७८ वर आण्णांची टिचकी बद्द लागली, पण तडा दिसत नाहीये. आमच्या जुन्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर लावली तर पूर्ण बाजूभर टक, टक, टक चाललंय, एका सेकंदाच्या आतच. नाट्यपद आहे, आजोबांच्या आवडीचं. परत लावू का?

वडगावकर

७८ ला एक फेरा पाऊण सेकंदाचा, म्हणजे तुमची टक दर फेऱ्याला येतेय आणि ती तड्याचीच आहे. फिएस्टावर परत लावू नका. तसल्या प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) दाब पाच ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, तडा वाढेल. शिवाय सुई कुठली आहे तेही बघावं लागेल. ७८ ची खाच रुंद असते, तिला तीन मिलची (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक, ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. बऱ्याच जुन्या प्लेअरमध्ये सुईजवळ छोटी दांडी असते, ती फिरवली की दुसरी सुई खाली येते. बाकीच्या ७८ वाजवण्याआधी ते तपासा.

ही तबकडी दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये घालून ठेवा आणि वर 'तडा आहे' असं लिहा. हलक्या आर्मचा, चुंबकीय कार्ट्रिजचा प्लेअर आणि तीन मिलची सुई मिळाली की एकदाच लावायची आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यायची.

निपाणकर_आण्णा

तसली सुई माझ्याकडं आहे, प्लेअरही आहे. रविवारी बेळगावला येणार आहे. ताई, तबकडी घेऊन वडगावकरांकडं या, तिथंच उतरवू. बसमधनं आणताना मांडीवर उभी धरा, डिकीत नको.

षड्ज_धारवाड

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल करा आणि ती तशीच जपून ठेवा, टकटक काढायची ती तिच्या प्रतीवर. एमपी३ नंतर कधीही करता येईल. लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि शेवटच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही टिपून घ्या. लेबल फाटलं, पुसलं तरी त्या क्रमांकावरून तबकडी ओळखता येते.